शाळेतील पंक्तिभेद : हुकूम आणि निवाडा

कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि पक्षकारांची मुंबईची खेप वाचली, हे वर्तमान वाचकांना ठाऊकच आहे. परंतु गुलाल खाली बसल्यावर या दारी कोणती गाऱ्हाणी जावीत असे कोणी पुसले, तर आम्ही प्रथम शाळांतील पंक्तिभेदाकडे बोट दाखवू.

1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज, एकट्यासाठी शाळा इतरांना निरुपयोगी होईल या सबबीवर, मुंबई सरकारने अमान्य केला. पुढे 1919 मध्ये कोल्हापूरच्या करवीर दरबाराने मात्र अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा दसऱ्यापासून बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला. आणि ज्या नोकरास ही समतेची वागणूक रुचत नसेल, त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्यास पेन्शन मिळणार नाही, अशी ताकीदही शाहू छत्रपतींनी त्याच वर्षी दिली. धर्मशास्त्राच्या खंडनमंडनाने जी रूढी तसूभर हलत नाही, ती पेन्शनीस हात लागताच हलते, हे मनुष्यस्वभावाचे मर्म त्या राजाने नेमके हेरले होते.

अमेरिकेत हेच कार्य न्यायालयाकडे आले. 1954 च्या ‘ब्राउन’ खटल्यात नऊही न्यायमूर्तींनी वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. तथापि 1957 मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचविण्यास लष्कर धाडावे लागले.

आमच्याकडे आता भेद फीच्या पावतीवर चालतो. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात वंचित व दुर्बल घटकांसाठी 25 टक्के जागा राखल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेस त्यातून सूट दिली. आणि 19 जुलै रोजी उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. शाहूंच्या महाराष्ट्रात हुकूम मुले वेगळी करणारा निघावा आणि निवाड्याने ती एकत्र आणावीत, ही उलटी गंगा आम्हांस लज्जास्पद वाटते.

तरीही निवाडा फाटकापर्यंतच पोहोचतो; वर्गात कोण कोणाशेजारी बसतो, हे न्यायमूर्तींना दिसत नाही. म्हणून मुलास निराळे बसविणाऱ्या शाळेच्या मान्यतेसच हात घालणारा सडेतोड हुकूम शिक्षणखात्याने काढावा, या राखीव जागांवरील मुलांच्या फीचा शाळांना द्यावयाचा परतावाही वेळेवर चुकता करावा. आणि पालकांनी मुलास निराळे बसविल्याची तक्रार तोंडी न ठेवता लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी.