पत्र्याची पेटी ते हार्ड डिस्क : घरचा दस्तऐवज घरीच कसा जपावा?

आपल्या बहुतेकांच्या घरात एक पत्र्याची पेटी असते. तीत आजोबांचा शाळेचा दाखला, घराची कर पावती, लग्नाचे फोटो आणि भीमगीतांच्या जुन्या कॅसेट असे सारेच एकत्र पडलेले असते. आता या पेटीत मोबाईलचीही भर पडली आहे. मोबाईल भरला की फोटो पुसायचे आणि मोबाईल हरवला की हळहळायचे, असेच आपले चालले आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतणीच्या जात वैधता प्रमाणपत्राची वेळ आली. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपणांस ठाऊकच आहे. आमच्या वडिलांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा आम्ही स्कॅन करून पेन ड्राइव्हमध्ये ठेवला होता. ऐन वेळी पेन ड्राइव्ह उघडेना. मूळ कागद काढायला गेलो, तर पत्रा गळून पेटीतला कागद भिजून लगदा झालेला. आई म्हणाली, "तुह्या बापानं कागद पेटीत ठेवला व्हता, तू त्या बोटाएवढ्या मशिनीत ठेवला. आता काढ ना बाप्पा!" अमरावतीहून गावच्या शाळेत दोन खेपा झाल्या, भावाची दोन दिवसांची मजुरी बुडाली, तेव्हा नवा उतारा मिळाला. स्कॅन हे मूळ कागदाची जागा घेत नाही, पण रजिस्टरचा क्रमांक आणि साल त्यावर असते. तेवढे हाती असते तर शाळेतला शोध एका खेपेत संपला असता.

म्हणून घरातच एक साठवण-यंत्र ठेवावे, असे आम्ही ठरवले. राऊटरला जोडलेली हार्ड डिस्क, जिच्यावर घरातल्या सर्वांचे मोबाईल आणि संगणक आपापला माल ठेवू शकतात, एवढाच याचा अर्थ. इंग्रजीत याला 'नॅस' म्हणतात. पैसा कमी आणि काम मात्र झटपट व्हावे, अशी आपली अट. या अटीत काय बसते, ते पाहू.

किती जागा लागते?

मोबाईलचा एक फोटो साधारण 4 एमबीचा धरला तर 1 टीबीच्या डिस्कमध्ये अडीच लाख फोटो मावतात. साठ मिनिटांची कॅसेट साध्या एमपी-थ्रीमध्ये उतरवली तर सुमारे 58 एमबी होते. म्हणजे शंभर कॅसेट 6 जीबीच्या आतच बसतात. जागा खातो तो व्हिडिओ. मोबाईलवरचे एक तासाचे चित्रण सात-आठ जीबी होते. तरी मजूर किंवा नोकरदार कुटुंबाला 1 ते 2 टीबी पुष्कळ होते. विक्रेता मोठी डिस्क गळ्यात बांधू पाहील, तेव्हा हा हिशेब आठवावा.

वेग कुठे अडतो?

लोक समजतात की महाग यंत्र घेतले की वेग आला. तसे नाही. पाणी सर्वांत अरुंद नळातूनच येते. साधी हार्ड डिस्कही सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास माल देते. अडते ते बहुधा राऊटरपाशी. खोक्यावर 'फास्ट इथरनेट' लिहिलेले असेल तर फसू नका. हे नाव जुन्या काळचे आहे. त्याचा वेग 100 मेगाबिट. आठने भागले की सेकंदाला जेमतेम 12 एमबी. त्यावरून साडेसात जीबीचा लग्नाचा व्हिडिओ पाठवायला दहा मिनिटांच्या वर लागतात. तेच 'गिगाबिट' राऊटरवर तारेने सव्वा-दीड मिनिटात होते. इंटरनेट जोडणीबरोबर मिळालेल्या राऊटरचे छिद्र कोणते आहे, ते आधी पाहावे.

तारेतही गोम असते. गिगाबिटला तारेतले आठही धागे लागतात. चारच जोडले असतील तर वेग मुकाट्याने 100 वर उतरतो. 'कॅट 5-ई' तार घ्यावी. यंत्र तारेनेच राऊटरला जोडावे. मोबाईलला मात्र पाच गिगाहर्ट्झचा वायफाय चालेल.

चार वाटा

पहिली वाट, राऊटरलाच यूएसबी छिद्र असेल तर त्यात हार्ड डिस्क लावणे. सर्वांत स्वस्त, पण छिद्र यूएसबी 2 असेल तर वेग बेताचाच.

दुसरी, कोपऱ्यात पडलेला जुना संगणक. गिगाबिट असेल तर त्यावर 'ओपन मीडिया व्हॉल्ट' ही फुकट प्रणाली बसते. वेग चांगला, पण वीज पाहा. 60 वॅट दिवसरात्र चालले तर महिन्याला 43 युनिट. संध्याकाळी दोनच तास चालवला तर साडेतीन युनिटच्या आसपास.

तिसरी, तळहाताएवढा 'रास्पबेरी पाय' 4, जो 2019 मध्ये आला. त्याला खरे गिगाबिट आणि यूएसबी 3 दोन्ही आहेत. सात वॅट धरले तर महिनाभर अखंड चालून पाचच युनिट. कॉलेजात शिकणारा पोरगा घरात असेल तर तो हे जोडून देईल.

चौथी, कंपनीचे तयार यंत्र. सोपे आणि नेटके, पण डिस्कचे पैसे बहुधा वेगळे पडतात. त्यासाठी कर्ज काढू नये.

आम्ही दुसरी वाट धरली. भावाच्या जुन्या संगणकात नवी डिस्क टाकली आणि उरलेल्या पैशांत दुसरी डिस्क घेतली. ही दुसरी डिस्कच खरी महत्त्वाची.

एक प्रत म्हणजे शून्य प्रत

एकाच यंत्रात दोन डिस्क आरशासारख्या लावल्या म्हणजे सारे सुरक्षित, असे काही जण सांगतात. त्यात एक डिस्क मेली तर दुसरी तारते, हे खरे. पण चुकून फोटो पुसला तर तो दोन्हीकडून पुसला जातो. चोरी, आग, पूर यांत तर यंत्रच जाते. जुलै 2021 मध्ये मोर्णेला पूर आला, तेव्हा अकोल्यातल्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले होते. म्हणून आमची दुसरी डिस्क अकोल्याला बहिणीकडे फळीवर उंच ठेवलेली असते आणि बहिणीची आमच्याकडे. सणावाराला जाणे-येणे होते, तेव्हा नवा माल चढवून अदलाबदल करतो. डिस्कला पासवर्डचे कुलूप मात्र असावे आणि तो पासवर्ड घरातल्या दोघांना तरी माहीत असावा.

आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. यंत्र पत्र्याच्या छताखाली, बंद कपाटात ठेवू नये. लाईट जाते-येते, तेव्हा लहान यूपीएस जोडावा. लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्कवरचा माल बिघडू शकतो. बाहेरगावाहून पाहता यावे म्हणून यंत्र इंटरनेटला उघडे सोडू नये. जानेवारी 2022 मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातली हजारो अशी घरगुती यंत्रे कुलूपबंद करून पैसे मागितले होते.

शेवटी एक विनंती. येत्या रविवारी पेटी उघडा. आधी जुने दाखले आणि उतारे स्कॅन करा, मग कॅसेट, मग फोटो. फोटोत कोण कोण आहे हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून फाईलच्या नावातच लिहा. आमच्या आईने ओळखलेली सात माणसे आम्हांला कुणालाच ठाऊक नव्हती. डिस्क उद्याही बाजारात मिळेल, ती नावे सांगणारे माणूस मात्र आज घरात आहे.