सरासरीच्या आड काय दडते?

दहावी-बारावीनंतर आपली बरीच मुले संगणकशास्त्राकडे वळतात. 'मशीन लर्निंग' हा त्यातला आज सर्वांच्या तोंडी असलेला विषय. यात संगणकाला एकेक नियम सांगत नाहीत. हजारो उदाहरणे दाखवतात व त्यांवरून तो अंदाज बांधायला शिकतो. म्हणूनच उदाहरणे एकांगी असली, तर शिकणेही एकांगी होते. एका विद्यार्थिनीने हे जगाला कसे दाखवून दिले, ते येथे सांगत आहोत.

जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत शिकत होत्या. एका प्रकल्पात चेहरा टिपणाऱ्या प्रणालीला त्यांचा चेहराच सापडेना. पांढरा मुखवटा लावताच मात्र सापडला! त्या नुसती तक्रार करून थांबल्या नाहीत. त्यांनी आफ्रिकेतील तीन व युरोपातील तीन देशांच्या १२७० संसद सदस्यांची छायाचित्रे जमवली, वर्ण आणि स्त्री-पुरुष यांनुसार गट पाडले व तीन कंपन्यांच्या प्रणालींना 'स्त्री की पुरुष?' एवढेच ओळखायला लावले. टिमनिट गेब्रू यांच्यासह केलेला हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला.

आयबीएमच्या प्रणालीची एकूण उत्तरे सुमारे ८८ टक्के बरोबर होती. वरवर पाहता निकाल चांगलाच! पण गटवार पाहिल्यावर गोऱ्या पुरुषांबाबत चूक ०.३ टक्के, तर कृष्णवर्णीय स्त्रियांबाबत ३४.७ टक्के निघाली. म्हणजे दर तिघींमागे एक. सरासरीने हे झाकून ठेवले होते.

हा केवळ आकड्यांचा प्रश्न नाही. चेहरा जुळवणारी यंत्रे पोलीस तपासातही वापरली जातात आणि चुकीच्या जुळणीमुळे निरपराध माणसांना अटक झाल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या आहेत. समाधानाची गोष्ट अशी, की २०१९ च्या फेरतपासणीत तिन्ही कंपन्यांच्या प्रणालींच्या चुका कमी झालेल्या आढळल्या. चूक मोजून दाखवली, म्हणून ती सुधारली.

आपल्या मुलांनी यातून काय घ्यावे? समजा, उद्या कोणी मराठी बोलणे ओळखणारा प्रोग्रॅम केला आणि त्याला फक्त पुण्यातील आवाज ऐकवले, तर बेळगावच्या आजीचे बोलणे त्याला कळेल का? प्रकल्प करताना तीन प्रश्न जरूर विचारा : उदाहरणे कोणाची घेतली? कोण सुटले? आणि चूक झाली, तर ती कोणाला भोगावी लागेल? पालकांनीही मुलांना 'किती टक्के?' याबरोबर हे प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे.