तेलातुपाची घडण – लेखांक ६ : दोन-दोन कार्बनांची साखळी
मेदाम्लं शरीरात जळतात कशी, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. साखळीच्या टोकाकडून दोन-दोन कार्बन तुटतात आणि प्रत्येक तुकडा अ‍ॅसिटिल-कोए म्हणून बाहेर पडतो. मग हीच साखळी मुळात जुळते कशी?

मोडणीचीच वाट उलट्या दिशेने चालली की घडण होते, तीच विकरं दोन्ही कामं करतात, अशी बराच काळ शास्त्रज्ञांची समजूत होती. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एन्झाइम इन्स्टिट्यूटमध्ये या समजुतीला धक्का बसला. मूळचे इराकचे असलेले सालिह वाकील तिथे कबुतराच्या यकृताचा अर्क घेऊन परीक्षानळीत मेदाम्लं बनवत होते. बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याच्या सोड्यात असतो तोच घटक, घातल्याशिवाय काम होईना. त्यातला कार्बन साखळीत जाऊन बसत असणार, असं कुणालाही वाटेल. पण किरणोत्सारी कार्बनची खूण लावून पाहिलं, तर तयार मेदाम्लात त्याचा मागमूस नव्हता. त्याच्यावाचून अडतं, पण तो शेवटी उरत नाही. स्लॅब टाकताना लावलेलं सेंटरिंग जसं नंतर काढून घेतात, तसंच हे.

होतं ते असं. दोन कार्बनांच्या अ‍ॅसिटिल-कोएला बायकार्बोनेटमधला एक कार्बन चिकटतो आणि तीन कार्बनांचं मॅलोनिल-कोए तयार होतं. या पायरीवर बायोटिन हे जीवनसत्त्व लागतं आणि ऊर्जा पुरवणारं एटीपी खर्ची पडतं. मग मॅलोनिल साखळीला जोडलं जाताना तो तिसरा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. त्याच्या निघून जाण्यानेच जोडणीला रेटा मिळतो आणि ती मागे फिरत नाही. जीवरसायनशास्त्रातल्या इतक्या देखण्या युक्त्या मला फार थोड्या माहीत आहेत. सोळा कार्बनांच्या पामिटिक आम्लाचा हिशेब मांडा: दोन-दोन कार्बनांचे आठ तुकडे, त्यांतले सात मॅलोनिलच्या वाटेने आलेले, म्हणून एटीपीचे सात रेणू. शिवाय हायड्रोजन पुरवायला एनएडीपीएचचे चौदा. चरबी साठवणं शरीराला फुकटात पडत नाही.

इथपर्यंत झाड आणि जनावर यांत फरक नाही. फरक आहे तो कारखान्याच्या जागेत. आपल्या यकृतात हे काम पेशीद्रव्यात चालतं आणि साखळी जुळवण्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच अवाढव्य प्रथिनावर होतात. अशी दोन प्रथिनं जोडीने काम करतात. वनस्पतीत हे काम लवकांमध्ये चालतं आणि प्रत्येक पायरीचं विकर सुटं असतं, थेट जिवाणूंसारखं. ते साहजिकही आहे, कारण लवकांचे पूर्वज जिवाणूच होते. पानातल्या हरितलवकांना लागणारी ऊर्जा आणि हायड्रोजन उन्हातून जागच्या जागी मिळतात, म्हणून अंधार पडला की तिथली घडण एकदम मंदावते. करडईच्या बोंडात भरणाऱ्या दाण्याचं तसं नाही. टरफलाच्या आत तो पानांकडून आलेल्या साखरेवर अवलंबून असतो. त्या साखरेचं तेल होतं.

साखळी थांबवायची कुठे, हे थायोएस्टरेझ नावाचं विकर ठरवतं. ते बहुधा सोळा-अठरा कार्बनांवर साखळी सोडवतं. नारळात मात्र ते बारावरच तोडतं, म्हणून खोबरेलातली जवळपास निम्मी मेदाम्लं लॉरिक असतात आणि थंडीत बाटली थिजते. गाई-म्हशींची तऱ्हा आणखी वेगळी. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले सूक्ष्मजीव चारा आंबवून ॲसिटेट बनवतात, ते रक्तातून कासेत जातं आणि तिथे त्याच्या साखळ्या जुळतात. बऱ्याच साखळ्या आखूडच राहतात. चार कार्बनांचं ब्युटिरिक आम्ल दुधाच्या स्निग्धांशात असतं ते यामुळे. तेलबियांत ते सापडत नाही. पोटातले तेच सूक्ष्मजीव हिरव्या चाऱ्यातल्या मेदाम्लांचे दुहेरी बंधही बुजवून टाकतात, म्हणून गवत खाऊन दिलेल्या दुधाचं तूपसुद्धा थिजतं.

दुहेरी बंध हीच खरी तर वनस्पतीची श्रीमंती. बंध आला की साखळीला बाक येतो, रेणू एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत आणि तेल पातळ राहतं. आम्लाच्या टोकाकडून मोजलं तर नवव्या कार्बनापाशी बंध घालणं आपल्यालाही जमतं. त्यातून ओलेइक आम्ल होतं. करडईच्या पेशीत ओलेइक लवकाबाहेर पडतं आणि आंतर्द्रव्यजालिकेवर त्याला बाराव्या कार्बनापाशी दुसरा बंध मिळतो: हे लिनोलेइक. घाण्यावरच्या नेहमीच्या करडई तेलात याचं प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतं. जवस आणखी एक पायरी पुढे जाऊन पंधराव्यापाशी तिसरा बंध घालतं. त्याच्या तेलातला निम्मा किंवा जास्तच वाटा या लिनोलेनिकचा असतो.

बाराव्या आणि पंधराव्या कार्बनापाशी बंध घालणारी विकरं आपल्याकडे नाहीत. १९२९ साली मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेदाचा अंशही नसलेलं खाणं दिलं. त्यांची वाढ खुंटली, शेपटीला खवले धरले, पुढे ते दगावू लागले. थोडंसं लिनोलेइक देताच ते सावरले. साखरेपासून हवी तितकी चरबी बनवणारं त्यांचं यकृत एवढा एक बंध मात्र घालू शकलं नव्हतं. लिनोलेइक आणि लिनोलेनिक ही दोन आम्लं अन्नातून मिळाली, की पुढच्या लांब साखळ्या आपलं शरीर स्वतः घडवतं. मात्र लिनोलेइकपासून लिनोलेनिक त्याला करता येत नाही आणि करडईच्या तेलात लिनोलेनिक जवळजवळ नसतंच. भाजी करडईच्या तेलात होत असेल, तर ताटात जवसाची चटणीही वाढायला हवी.