मोबाइल मुका झाला तर... फिरत्या घरातील रेडिओ आणि त्याचा अँटेना

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गाढ झोपी गेलेला किल्लारी-सास्तूरचा परिसर पहाटे चारच्या सुमारास हादरला आणि नऊ हजारांहून अधिक माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. देशात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी. म्हणजे त्या पहाटे कोणाच्याही खिशात फोन नव्हता. मदतकार्याच्या त्या दिवसांत निरोपांची ने-आण करण्यास जी मंडळी पुढे सरसावली, त्यांत हौशी रेडिओचालक, अर्थात ‘हॅम’ होते. पुढे २००१ च्या गुजरात भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीतही त्यांची हीच कामगिरी दिसली.

आज खिशात फोन आहे. पण टॉवरची वीज गेली किंवा तारा तुटल्या, की तोही मुका होतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून चाकांवरच्या घरातून भटकंती करण्याविषयीचे कुतूहल वाढले आहे. तुळजापूरची भवानी, औसा, लातूर, चाकूर आणि पुढे नांदेडचा सचखंड गुरुद्वारा असा प्रवास ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने करता येतो. अशा गाडीत रेडिओ बसवायचा झाल्यास काय करावे लागते, ते पाहू.

आधी कायदा, मग यंत्र

अमेरिकेत १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा ‘सिटिझन्स बँड’, म्हणजेच सीबी, सामान्य नागरिकांना खुला झाला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथील ट्रकचालकांनी तो घरोघरी पोहोचवला आणि १९७७ मध्ये वाहिन्यांची संख्या २३ वरून ४० झाली. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा कमाल ५ वॅट शक्तीपर्यंत परवानामुक्त आहे. मात्र ही मोकळीक सशर्त आहे. दुसऱ्याच्या संदेशवहनात व्यत्यय आणायचा नाही आणि आपल्याला व्यत्यय आला तर तक्रारही करायची नाही, हे त्यात गृहीत आहे. यंत्र मान्यताप्राप्त असावे लागते आणि अँटेनाबाबतही अट आहे. ती नीट वाचल्याखेरीज छतावर अँटेना चढवू नये.

येथे एक मेख आहे. परदेशातून आणलेल्या ४० वाहिन्यांच्या संचातील २८ वी वाहिनी २७.२८५ मेगाहर्ट्‌झवर असते. म्हणजे पहिल्या २७ वाहिन्या आपल्या पट्ट्यात बसतात, उरलेल्या १३ पट्ट्याबाहेर जातात. त्यांवर बोलणे म्हणजे विनापरवाना प्रक्षेपण होय.

छतावर अँटेना लावून अधिक शक्तीने बोलायचे असेल, तर हौशी रेडिओचा परवाना हाच सरळ मार्ग. केंद्रीय दूरसंचार खात्याची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा त्यासाठी परीक्षा घेते. वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही ती देता येते. उत्तीर्ण झाल्यावर ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाम मिळते. या मंडळींना १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ हा गाडीसाठी अतिशय सोयीचा पट्टा उपलब्ध असतो.

अँटेनाची लांबी कशी ठरते?

प्रकाशाच्या वेगाला कंप्रतेने भागले, की तरंगलांबी मिळते. सोपा हिशेब असा : ३०० ला मेगाहर्ट्‌झने भागावे. २७ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी येते सुमारे ११ मीटर. गाडीवरचा अँटेना तिच्या चतुर्थांश लांबीचा असावा, म्हणजे पावणेतीन मीटर. आधीच उंच असलेल्या गाडीच्या टपावर एवढी काठी उभारली, तर वडाच्या फांद्या आणि विजेच्या तारा यांच्याशी गाठ पडणारच. म्हणून सीबीचे अँटेना तळाशी तारेचे वेटोळे देऊन मीटर-दीड मीटरवर आणतात. त्यात कार्यक्षमता काहीशी घटते. याउलट १४५ मेगाहर्ट्‌झसाठी जेमतेम अर्धा मीटर काठी पुरते.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. अशा अँटेनाला काठी हा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा म्हणजे तिच्याखालचा धातूचा पत्रा. साध्या मोटारीचे लोखंडी छत हे काम आपोआप करते. फिरत्या घराचे छत मात्र अनेकदा फायबरचे असते. त्यावर लोहचुंबकी बैठक चिकटतही नाही आणि अँटेनाला ‘जमीन’ही मिळत नाही. अशा वेळी छताच्या आतून अॅल्युमिनियमचा पत्रा लावावा, किंवा धातूच्या जमिनीची गरज नसलेल्या प्रकारचा अँटेना घ्यावा. जागा शक्यतो छताच्या मध्यावर निवडावी. कडेला लावल्यास ज्या दिशेला धातू अधिक, त्या दिशेला आवाज अधिक पोहोचतो. गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याची बंधने आहेत, हेही छिद्र पाडण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

वीज आणि गोंगाट

रेडिओची वीज सिगारेट लायटरच्या खाचेतून घेण्याचा मोह टाळावा. तांबड्या व काळ्या अशा दोन जाड तारा थेट बॅटरीपासून आणाव्यात आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. तार मध्येच घासून उघडी पडली तर आग रोखणारा तोच पहारेकरी. सीबी संचाला दोनएक अँपिअर पुरतात. ५० वॅटच्या हॅम संचाला दहा-बारा अँपिअर लागतात. बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या मोठ्या गाड्यांत २४ व्होल्टची व्यवस्था असते. त्यावर १२ व्होल्टचा संच थेट जोडल्यास तो क्षणात जळतो.

फिरत्या घरात इन्व्हर्टर, एलईडी दिवे आणि सौर पॅनेलचे नियंत्रक असतात. ही सारी मंडळी रेडिओच्या कानात खरखर ओतत असतात. ती एकेक बंद करून दोषी शोधावा आणि त्याच्या तारांवर फेराइटची कडी चढवावी. अँटेनाची केबल ५० ओहमची असावी, ती दारात चेंगरू नये आणि छतातून आत येताना पावसाचे पाणी तिच्यावरून घरंगळत आत येऊ नये, म्हणून बाहेर तिला खाली झोका द्यावा.

मोजल्याशिवाय बोलू नये

अँटेना न जोडता प्रक्षेपणाचे बटण दाबू नये. बाहेर न जाणारी ऊर्जा संचातच परतते आणि त्याला इजा करू शकते. किती ऊर्जा परतते, हे एसडब्ल्यूआर मापक सांगतो. आकडा १.५ असेल तर केवळ ४ टक्के ऊर्जा परतते. ३ असेल तर तब्बल २५ टक्के. पट्ट्याच्या खालच्या टोकाला आकडा अधिक आला, तर काठी आखूड आहे असे समजावे; वरच्या टोकाला अधिक आला, तर लांब. लांब काठी कापता येते, कापलेली वाढवता येत नाही. म्हणून काही मिलिमीटरच छाटावे आणि पुन्हा मोजावे.

चाकूरहून किल्लारीपर्यंत?

सपाट रानात एका गाडीतून दुसऱ्या गाडीत सीबीवर बोलणे साधारणतः काही किलोमीटरच चालते. बालाघाटच्या पठारावरील उंचवटे मध्ये आले, की तेही तुटते. चाकूरहून लातूर, औसा ओलांडून किल्लारी गाठायची, तर एवढ्यावर भागणार नाही. तेथे हॅम मंडळींचा ७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा उपयोगी पडतो. गाडी थांबवून दोन लिंबांच्या झाडांमध्ये सुमारे २० मीटर तार, मध्यावर केबल जोडून, माणूसभर उंचीच्या वर ताणली, की लहरी जवळजवळ सरळ वर जातात, वातावरणाच्या आयनांबरावरून परततात आणि दिवसा आसपासच्या काही शे किलोमीटरचा टापू झाकतात. डोंगर आड आला तरी त्याला वळसा घालायचे कारण उरत नाही.

एक इशारा मात्र विसरू नये. मराठवाड्यात मृगापूर्वीच्या वळवात वीज पडून दरवर्षी माणसे व जनावरे दगावतात. ढग गडगडू लागताच तार उतरवावी, केबल संचातून काढावी. विजेच्या तारांखाली तर अँटेना कधीच उभारू नये.

संच बसवून धूळ खात ठेवला, तर आणीबाणीत तो चालेलच याचा भरवसा नाही. आठवड्यातून एकदा तरी बोलून पाहावे, घरातल्या आणखी एकाला परीक्षा द्यायला लावावी आणि बॅटरी भरलेली ठेवावी. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो, हे दुष्काळ पाहिलेल्या या भूमीला वेगळे सांगायला नको.