गुरुजींच्या हातातला मोबाइल

पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी ही दूरचित्रवाणीसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था सुरू झाली, तेव्हा पडदा शाळेत आला खरा. पण शिक्षक त्याच्यासमोर मुलांसोबतच बसलेला होता. दाखवणारे दुसरे, बघणारा तो. बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली, तोवर चित्र पालटलं होतं.

पालटलं ते स्वस्त स्मार्टफोनमुळे. 'तंत्रस्नेही शिक्षक' अशी एक नवी जमातच तयार झाली. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघायला ठिकठिकाणचे शिक्षक जाऊ लागले. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि २०२० साली दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवून निम्मी रक्कम इतर अंतिम स्पर्धकांत वाटली. पण माझ्या मते खरं काम झालं ते व्हॉट्सअॅपच्या गटांवर. रात्री जेवणं उरकली की एखाद्या बाई हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ टाकायच्या: दहा काड्यांचा गठ्ठा सोडला, काड्या एककाच्या घरात गेल्या. लगेच दुसऱ्या जिल्ह्यातून प्रश्न, 'दशकाच्या जागी शून्य असेल तर?' एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत हा प्रश्न विचारायचा तरी कुणाला? तो इथे विचारता येई. असं प्रशिक्षण कुठल्याही आदेशाने घडलेलं नव्हतं.

आदेशाने आलं ते वेगळं. २०१५ साली विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्याची 'सरल' प्रणाली आली आणि दिवसा सर्व्हर चालेना म्हणून गुरुजी रात्री जागून मुलांची माहिती भरू लागले. करोनात शिक्षकांचं 'निष्ठा' प्रशिक्षण 'दीक्षा' या ऑनलाइन मंचावर गेलं. व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडणारेही प्रमाणपत्राला पात्र ठरले. हळूहळू गटांवरची हातच्याची वजाबाकी मागे पडली. 'अतितात्काळ', 'लिंक आजच भरा', 'कार्यक्रमाचे फोटो पाठवा' असे वरून आलेले आदेशच तिथे उरले. चांगला शिक्षक म्हणजे वेळेत लिंक भरणारा, अशी व्याख्या कुणी लिहिली नाही, पण रुळली. २०२३ साली 'आम्हाला शिकवू द्या' म्हणत शिक्षक रस्त्यावर उतरले, ते उगाच नव्हे.

शासनाने निदान एवढं करावं: माहिती भरायला प्रत्येक केंद्रशाळेत एक डाटा एंट्री ऑपरेटर द्यावा, आणि शिक्षकांचे गट शिक्षकांकडेच राहू द्यावेत.