जुन्या व्हर्जनची मुदत कोण ठरवतं?

फोन फुटला नाही, बॅटरी धड आहे, तरी एक दिवस अ‍ॅप म्हणतं, ‘हे व्हर्जन आता चालणार नाही.’ हा फोनचा बिघाड नाही. बनवणाऱ्यांनी जुन्याची देखभाल थांबवलेली असते.

सॉफ्टवेअरमध्ये चोराला शिरता येईल अशा फटी सापडतच राहतात. पाच जुनी व्हर्जनं चालू ठेवली, तर तीच फट पाच ठिकाणी बुजवायची, पाचही तपासायची. वापरणारे कमी झाले की हा खर्च परवडत नाही, मग तारीख ठरते. विंडोज १० हे २०१५ साली आलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची देखभाल संपली. त्या दिवशी एकही संगणक त्यामुळे बंद पडला नाही. शिलाई मशीन चालतं पण पार्ट मिळत नाही, तसंच काहीसं.

आता आपल्या राज्यातलं बघू. अंगणवाडीच्या नोंदी आधी ‘कॅस’ अ‍ॅपवर व्हायच्या. २०२१ मध्ये त्याजागी ‘पोषण ट्रॅकर’ आलं. सरकारने दिलेल्या दोन जीबी रॅमच्या फोनवर ते नीट चालेना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी फोन कार्यालयात नेऊन परत केले. जुनं बंद केलं यावर आमचा राग नाही. पण सेविकेच्या हातातल्या फोनवर नवं चालतं का, हे आधी बघायला हवं होतं.

आणि ‘वापरणारे कमी’ म्हणजे कोण? घरात नवा फोन येतो मुलाला, त्याचा जुना नवऱ्याला, आणि नवऱ्याचा आपल्याला. यवतमाळच्या खेड्यात त्या कमी झालेल्यांत आपणच असतो.

फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ उघडा. तिथे सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल, तर त्या फोनवर बँकेचा व्यवहार करू नका. बोलायला, गाणी ऐकायला तो खुशाल वापरा. गटाच्या हिशोबाचे फोटो दुसऱ्या फोनवर आत्ताच घेऊन ठेवा.

ग्रामसंघाच्या बैठकीत कुणी नवं अ‍ॅप आणलं तर विचारा: आमच्या फोनवर चालेल का? जुनं किती महिने सोबत राहील? जुन्या नोंदी नव्यात येतील का? जे उत्तर मिळेल ते तारखेसह इतिवृत्ताच्या वहीत लिहा, आणि सांगणाऱ्याची सही घ्या.