ओढ्याची अन्नपूर्णा

धर्मशील घरात बुरशी हा शब्द अमंगळ मानला जातो. नैवेद्याच्या पदार्थावर तिचा एक ठिपका दिसला, तरी ते पात्र देवापुढून उचलले जाते. मनुस्मृतीने तर कवक, म्हणजे बुरशीच्याच कुळातील अळंबी, लसूण-कांद्याच्या पंक्तीस बसवून द्विजांना अभक्ष्य ठरविले आहे. तथापि, सह्याद्रीतील ज्या ओढ्यांचे पाणी आम्ही पूजेच्या कलशात भरतो, त्या ओढ्यांचा सारा संसार या कवकाच्याच आधाराने चालतो, हे सणाच्या दिवशी सांगण्याजोगे आहे.

रानातला ओढा वृक्षांच्या छायेखालून वाहतो. तळापर्यंत ऊन पोहोचत नाही. म्हणून पाण्यात शेवाळ बेताचेच वाढते. मग तेथील कीटकांच्या अळ्यांनी आणि खेकड्यांनी खावे काय? वरून गळणारी पाने हेच त्यांचे अन्न. परंतु गळलेले पान म्हणजे नुसती मांडलेली पत्रावळ. तीवर वाढप व्हावयाचे असते. ते वाढप कवक करते. त्याचे सूक्ष्म तंतू पानात शिरतात, कठीण भाग मऊ करतात आणि स्वतःच्या देहाने त्या निःसत्त्व पानाला पौष्टिक करतात. असे पान अळ्या खातात, अळ्यांवर मासे जगतात आणि माशांवर पक्षी.

या जलकवकांची सविस्तर ओळख करून दिली ती इंग्लंडमधील शास्त्रज्ञ सी. टी. इन्गोल्ड यांनी, १९४२ साली. यांतील कित्येकांच्या बीजाणूंना चार भुजा असतात. तीन भुजा टेकवून ते तिवईसारखे पानावर स्थिरावतात. धबधब्याखाली साचणारा पांढरा फेस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात हे चतुर्भुज बीजाणू अडकलेले आढळतात. पश्चिम घाटातील ओढ्यांत मंगळूर विद्यापीठाचे के. आर. श्रीधर आणि के. एम. कावेरीअप्पा यांनी यांचा दीर्घ अभ्यास केला. पावसाळा हा त्यांच्या भरभराटीचा काळ होय.

आता विष कसे चढते ते पाहावे. तांबे, जस्त, कॅडमियम यांसारखे धातू पाण्यात मिसळले, की कवकाचे बीजाणू तयार होणे प्रथम मंदावते. त्यानंतर नाजूक जाती नाहीशा होतात. पाने कुजण्याचे काम मात्र काही काळ चालूच राहते. कारण उरलेल्या चिवट जाती तो भार वाहतात. म्हणूनच काठावर उभ्या असलेल्या माणसाला काही बिघडल्याचे दिसत नाही. घरातील कर्ती माणसे एकेक करून जावीत आणि दारावरचे तोरण मात्र हिरवे राहावे, तशातला हा प्रकार. शेतांतील खतांची गोष्ट निराळी. नत्र आणि स्फुरद थोडे वाढले, तर पाने उलट लवकर कुजतात व जीवांची शिधासामग्री अवेळी संपते. अतिरेक होऊन पाण्यातील प्राणवायू घटला, की तेच काम रखडते.

बागायतदाराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. सुपारीवर कोळेरोग पडला, की हाताशी आलेले पीक गळून जाते. म्हणून मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा पावसाळ्यात फवारावे लागते. त्यातील तांबे कुजत नाही, विरून जात नाही. पावसाच्या लोटाबरोबर ते ओढ्यात उतरते, आणि तेही नेमके जलकवकांच्या बहराच्या दिवसांत. फवारणी टाळा, असे आम्ही म्हणणार नाही. कुटुंबाचे पोट त्यावर असते. पण उघडीप पाहून फवारावे, पंप ओढ्यात धुऊ नये, उरलेले मिश्रण पाण्यात ओतू नये आणि काठावरची झाडे राखावीत, एवढे निश्चित करता येते.

आणि आपण गृहस्थ? मूर्तीच्या काही रासायनिक रंगांत शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० साली त्या सुधारल्या. त्यांचा रोख नैसर्गिक माती व निर्विष रंग यांकडे आहे. शाडूची मूर्ती आणावी, घरीच स्वच्छ पात्रात विसर्जन करावे, निर्माल्य परसातील झाडाच्या आळ्यात घालावे. तेथेही कवकच त्याची माती करील आणि पुढल्या वर्षीची फुले त्याच मातीतून उमलतील.

'विसर्जन' या शब्दात 'सृज्' हा धातू आहे. सोडणे हा त्याचा अर्थ, तसाच निर्माण करणे हाही. पाण्यात आपण जे सोडतो त्यातून पुढे काय निर्माण होणार, हा प्रश्न त्या एकाच शब्दात पूर्वजांनी आपल्यापुढे ठेवला आहे. वाचकहो, या वर्षी आरतीनंतर पाट उचलण्यापूर्वी त्याचे उत्तर घरातल्या मुलांसमक्ष द्यावे, एवढीच आमची प्रार्थना.